प्रीॲम्प कालबाह्य झालेला नाही

हल्ली इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळांत, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टांत आणि सेन्सरवर उत्पादन बेतणाऱ्या छोट्या कंपन्यांत एक मत फार निर्धास्तपणे मांडलं जातं. कमी नॉइजचा प्रीॲम्प्लिफायर हिशेब करून, जपून डिझाइन करण्याचे दिवस गेले, असं हे मत सांगतं. सेन्सर थेट चोवीस बिटांच्या एडीसीला जोडा, भरपूर सँपल घ्या, नॉइज सॉफ्टवेअर काढून टाकील. आणि मध्ये एखादा ऑपॲम्प घालावाच लागला तर डेटाशीटमध्ये ज्याचा नॉइजचा आकडा सगळ्यांत लहान तो उचला आणि पुढे चला. असं म्हणणारे लोक बिनअभ्यासाचे नाहीत. एडीसी खरोखरच फार सुधारले, गणनाची किंमत कोसळली, डिजिटल फिल्टरनं ॲनालॉग फिल्टरची पुष्कळ कामं आपल्याकडे घेतली, हे सगळं मान्य. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. क्षीण सिग्नल पकडताना काय हाती लागणार आणि काय कायमचं जाणार, हे सेन्सर आणि पहिला ट्रान्झिस्टर यांच्या सांध्यावर ठरतं. त्या सांध्यावर कमी नॉइज आणि स्थिरता यांचा विचार एकत्रच करावा लागतो. एकाचा आकडा पाहून दुसरी नंतर साधता येत नाही. हे नीट न कळल्यामुळे किती चांगले सेन्सर वाया जातात याची मला मनापासून खंत वाटते, म्हणून हा प्रतिवाद.

आधी नॉइज येतो कुठून ते पाहू. १९२८ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन जॉन्सन यांनी मोजून दाखवलं की कुठलाही रेझिस्टर, त्यातून प्रवाह वाहत नसला तरी, निव्वळ तापमानामुळे सतत हेलकावणारं व्होल्टेज देत असतो. त्यांचे सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. खोलीच्या तापमानाला १ किलोओहमचा रेझिस्टर सुमारे ४ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ इतका नॉइज देतो, १ मेगओहमचा सुमारे १२९. त्याआधी १९१८ मध्ये वॉल्टर शॉट्की यांनी प्रवाहाच्या कणरूपामुळे येणारा शॉट नॉइज ओळखला होता. १ नॅनोअँपियर प्रवाहाबरोबर तो सुमारे १८ फेम्टोअँपियर प्रति रूट हर्ट्झ येतो. हे दोन्ही निसर्गाचे. तिसरा वाटा ॲम्प्लिफायरचा स्वतःचा, आणि डिझाइन करणाऱ्याच्या हाती असतो तो हाच. १९४४ मध्ये हॅराल्ड फ्रिस यांनी या वाट्याची वजाबाकी-बेरीज एका सूत्रात बसवली: दुसऱ्या टप्प्याच्या नॉइजला पहिल्या टप्प्याच्या गेननं भागायचं, तिसऱ्याच्या नॉइजला पहिल्या दोघांच्या एकत्रित गेननं. पहिल्या टप्प्यानं शक्ती शंभर पट केली तर पुढच्याचा दोष शंभराव्या हिश्श्यावर येतो. या सूत्राची उलटी बाजू कमी लोकांच्या लक्षात राहते. पहिल्या टप्प्याच्या आधी जे काही सिग्नल खातं त्याची भरपाई पुढे कोणीही करू शकत नाही. खोलीच्या तापमानाला असलेल्या केबलनं प्रीॲम्पच्या आधी फक्त १ डेसिबल खाल्ला तर नॉइजमध्ये सुमारे ७५ केल्व्हिनची भर पडते. त्यामागे २० केल्व्हिनचा अत्युत्तम प्रीॲम्प बसवला तरी ती ७५ तशीच राहते.

आता चोवीस बिटांचा युक्तिवाद तपासू. ५ व्होल्टच्या पल्ल्याला २ च्या चोविसाव्या घातानं भागलं तर एक पायरी ०.३ मायक्रोव्होल्टची येते. मेंदूचे ईईजी सिग्नल १० ते १०० मायक्रोव्होल्टचे. मग प्रीॲम्प कशाला, असं विचारलं जातं. पण पायरीचा आकार आणि एडीसीचा स्वतःचा नॉइज या वेगळ्या गोष्टी आहेत. खालचे काही बिट एडीसीच्या नॉइजमध्येच बुडालेले असतात, आणि सँपलिंगचा वेग वाढवावा तसे आणखी बुडतात. यावर उत्तर येतं की ईईजीसाठी एडीएस१२९९ सारखी चिप इलेक्ट्रोडला थेट जोडतातच की. जोडतात, कारण त्या चिपच्या पोटात एडीसीच्या आधी २४ पटींपर्यंत गेन देणारा कमी नॉइजचा ॲम्प्लिफायर बसवलेला आहे. प्रीॲम्प तिथे आहेच, तो दुसऱ्या कोणी फार काळजीनं डिझाइन केला इतकंच. एका विशिष्ट सेन्सरसाठी, त्याचा इम्पीडन्स आणि बँडविड्थ डोळ्यांसमोर ठेवून केलेलं ते काम आहे. सेन्सर बदलला की ती चिप तुमच्या कामाची उरत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. लोह-५५ या किरणोत्सारी स्रोताचा ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा क्ष-किरण सिलिकॉन डिटेक्टरमध्ये शोषला गेला तर सुमारे १६०० इलेक्ट्रॉन मोकळे होतात. त्यांचा एकूण विद्युतभार २.६ × १०⁻¹⁶ कूलोम. डिटेक्टरपासून एक मीटर कोॲक्सियल केबल ओढून हा भार थेट एडीसीला नेला, तर केबलच्याच सुमारे १०० पिकोफॅरडवर तो पसरतो आणि व्होल्टेज उरतं २.६ मायक्रोव्होल्ट, तेही काही मायक्रोसेकंदांसाठी. एवढ्या वेगाला चोवीस बिटांचा एडीसी चालतच नाही. १४ बिटांचा, २ व्होल्ट पल्ल्याचा वेगवान एडीसी घेतला तर त्याची एक पायरी १२२ मायक्रोव्होल्टची, म्हणजे सिग्नल पायरीच्या जवळजवळ पन्नासाव्या हिश्श्याएवढा. आता तोच भार डिटेक्टरला खेटून बसवलेल्या, १ पिकोफॅरडच्या फीडबॅक कपॅसिटरच्या चार्ज-सेन्सिटिव्ह प्रीॲम्पला द्या: २६० मायक्रोव्होल्टची स्वच्छ पायरी मिळते, पुढच्या टप्प्यात ती हवी तेवढी वाढवता येते. पहिल्या रचनेत तो क्ष-किरण येऊन गेला तरी कोणाला कळणार नाही. कितीही हुशार सॉफ्टवेअर लावलं तरी कळणार नाही.

‘सरासरी घ्या’ हे पुढचं उत्तर. सरासरी खरोखर चालते. सिग्नल पुन:पुन्हा, ठरलेल्या क्षणी, तसाच येत असेल तर शंभर वेळांच्या सरासरीनं नॉइज दहापट खाली जातो. आवाज ऐकवून मेंदूचा प्रतिसाद टिपण्याची सगळी पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. पण तो क्ष-किरण एकदाच येतो, आणि त्याची ऊर्जा त्या एकाच पल्सवरून ठरवायची असते. अपस्माराच्या रुग्णाच्या आलेखातला एखादा टोकदार स्पाइक एकदाच दिसतो. आकाशातून येणारा मिलिसेकंदभराचा रेडिओ स्फोट बहुतेक वेळा एकदाच पकडता येतो. अशा ठिकाणी सरासरी कशाची घ्यायची? आणि जिथे ती घेता येते तिथेही तिची किंमत वर्गमुळाच्या भाषेत मोजावी लागते: प्रीॲम्पचा नॉइज दुप्पट झाला तर तेवढ्याच अचूकतेसाठी चौपट वेळ लागतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. तिथल्या निरीक्षणाचा तास मिळावा म्हणून जगभरचे खगोलशास्त्रज्ञ अर्ज करतात. एका तासाचं काम चार तासांवर नेणारा प्रीॲम्प अशा दुर्बिणीचा तीन-चतुर्थांश वेळ फुकट घालवतो. प्रत्येक तबकडीचा कमी नॉइजचा ॲम्प्लिफायर खाली नियंत्रण-खोलीत न ठेवता वर, फोकसपाशी, फीडच्या लगत बसवलेला असतो तो वर सांगितलेल्या १ डेसिबल आणि ७५ केल्व्हिनच्या हिशेबापायीच.

खोडदच्या दुर्बिणीकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. १५० मेगहर्ट्झच्या आसपास आपल्या आकाशगंगेचाच रेडिओ गोंगाट शेकडो केल्व्हिनचा असतो. तिथे प्रीॲम्प द्रव हीलियमनं थंड करून त्याचे थोडे केल्व्हिन वाचवण्यात काही हशील नाही. तेच १४२० मेगहर्ट्झला आकाश फार शांत होतं, आणि प्रीॲम्पचा प्रत्येक केल्व्हिन मोजावा लागतो. म्हणजे प्रीॲम्प ‘चांगला’ की ‘वाईट’ हे त्याच्याकडे एकट्याकडे पाहून सांगताच येत नाही; समोरचा स्रोत किती गोंगाट करतो ते आधी विचारावं लागतं.

सॉफ्टवेअरनं नॉइज काढण्याच्या कल्पनेचा खरा कस लागतो तो सिग्नल स्वतःच नॉइजसारखा असतो तेव्हा. १९६४ साली न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन ४०८० मेगहर्ट्झवर शिंगाच्या आकाराच्या अँटेनानं मोजमापं घेत होते. त्यांच्या रिसीव्हरच्या तोंडाशी द्रव हीलियमनं थंड केलेला मेसर ॲम्प्लिफायर होता, आणि तुलनेसाठी द्रव हीलियमच्या तापमानाचा ज्ञात स्रोत. सगळी वजाबाकी केल्यावर सुमारे ३.५ केल्व्हिन शिल्लक राहिले. ते कुठून येतात हे अँटेनाच्या आतलं एकही कारण सांगू शकेना. विश्वाच्या जन्मापासून उरलेलं ते प्रारण निघालं, आणि १९७८ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. हे प्रारण दिसायला निव्वळ नॉइज आहे. त्याला ओळखण्याजोगा आकार नाही, लय नाही, पुनरावृत्ती नाही. नॉइज काढून टाकणारा कुठलाही अल्गोरिदम त्यांच्या रिसीव्हरला लावला असता तर त्यानं आधी हेच साडेतीन केल्व्हिन पुसून टाकले असते. ते टिकले, कारण रिसीव्हरच्या पहिल्या टप्प्याचा नॉइज कमी होता, मोजलेला होता आणि तासातासाला बदलत नव्हता. आज मशीन लर्निंगनं सिग्नल ‘स्वच्छ’ करणाऱ्यांनी या प्रसंगाचा गंभीरपणे विचार करावा. सिग्नल कसा दिसतो हे ज्याला आधीच शिकवलं आहे तो अल्गोरिदम माहीत असलेलंच शोधतो. आधी कोणी न पाहिलेलं काही डेटात असेल तर ते नॉइजच्या खात्यात टाकण्याचा धोका त्याच्या रचनेतच आहे.

आता दुसऱ्या सल्ल्याकडे वळतो: डेटाशीटमधला सगळ्यांत लहान आकडा निवडा. एडी७९७ हा नावाजलेला ऑपॲम्प आहे. त्याचा व्होल्टेज नॉइज ०.९ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज आणि स्वस्तात मिळणाऱ्या टीएल०७२चा १८, म्हणजे वीस पट. हा सल्ला मानणारा क्षणभरही विचार न करता एडी७९७ घेईल. पण प्रत्येक ॲम्प्लिफायरला करंट नॉइजही असतो, आणि तो स्रोताच्या रेझिस्टन्सवर व्होल्टेज निर्माण करतो. एडी७९७चा करंट नॉइज २ पिकोअँपियर, टीएल०७२चा ०.०१. स्रोत १०० ओहमचा असेल तर एडी७९७ची बेरीज सुमारे १.६ नॅनोव्होल्ट येते आणि टीएल०७२ची १८. महागडा भाग निर्विवाद जिंकतो. स्रोत १०० किलोओहमचा झाला की रेझिस्टरचाच नॉइज ४१ होतो. टीएल०७२ त्यात भर घालून बेरीज सुमारे ४५वर नेतो, आणि एडी७९७चे २ पिकोअँपियर एकटेच २०० नॅनोव्होल्ट आणतात. १ मेगओहमवर तर टीएल०७२ जवळजवळ दिसेनासा होतो, कारण १२९च्या शेजारी त्याचे १८ नगण्य. एडी७९७ मात्र २००० नॅनोव्होल्ट ओततो. भाग तेच, डेटाशीट तीच, स्रोत बदलल्यावर निकाल उलटा. पायझो सेन्सर, पीएचचा काचेचा इलेक्ट्रोड, फोटोडायोड हे सगळे उंच इम्पीडन्सचे स्रोत आहेत. त्यांच्यापुढे ‘अल्ट्रा लो नॉइज’ असं छापलेला बायपोलर ऑपॲम्प लावणं ही या विषयात फार वारंवार दिसणारी चूक आहे.

स्थिरतेचा प्रश्न इथेच येतो, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टरचा व्होल्टेज नॉइज निम्मा करायचा तर त्याचा ट्रान्सकंडक्टन्स चौपट करावा लागतो. त्यासाठी ट्रान्झिस्टर चौपट मोठा करा, किंवा चार समांतर जोडा. दोन्ही रीतींनी इनपुटचा कपॅसिटन्सही चौपट होतो. कमी नॉइज पाहिजे म्हणून आपण पहिल्या टप्प्याला जास्त ताकद आणि जास्त कपॅसिटन्स देतो, आणि फीडबॅकचं वर्तुळ नेमकं याच दोन गोष्टींनी डळमळतं. आकड्यांत पाहू. १०० पिकोफॅरडचा फोटोडायोड, १ मेगओहमचा फीडबॅक रेझिस्टर आणि १० मेगहर्ट्झ गेन-बँडविड्थचा, ५ नॅनोव्होल्ट नॉइजचा ऑपॲम्प. ही रचना कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. रेझिस्टर आणि डायोडचा कपॅसिटन्स मिळून सुमारे १.६ किलोहर्ट्झपासून फीडबॅक मागे पडू लागतो. ऑपॲम्पचा उतार त्याला सुमारे १२६ किलोहर्ट्झला छेदतो, आणि तिथे उरणारी फेज मार्जिन एका अंशाहूनही कमी असते. डेटाशीटवर ‘युनिटी गेन स्टेबल’ लिहिलेलं असतं, पण ती हमी निव्वळ रेझिस्टरच्या फीडबॅकपुरती असते. इनपुटवर १०० पिकोफॅरड टांगलेल्या सर्किटला ती लागू पडत नाही. ऑपॲम्पच्या आतला दुसरा पोल तो उरलेला एक अंशही खातो, आणि सर्किट ऑसिलेट होऊ लागतं.

उपाय सर्वांना ठाऊक आहे: फीडबॅक रेझिस्टरला समांतर छोटा कपॅसिटर. या उदाहरणात तो सुमारे १.३ पिकोफॅरडचा लागतो, म्हणजे बोर्डवरच्या दोन पॅडांमधल्या भटक्या कपॅसिटन्सच्याच पंक्तीतला. इथे आक्षेप येतो की मग स्थिरतेचा प्रश्न एका कपॅसिटरनं सुटला, एवढा गाजावाजा कशाला? सुटला नाही, कारण नॉइज अजून मोजलेला नाही. उंच फ्रिक्वेन्सीला ऑपॲम्पच्या नॉइजला मिळणारा गेन आता इनपुटच्या आणि फीडबॅकच्या कपॅसिटन्सच्या गुणोत्तराएवढा, म्हणजे सुमारे ८० पट होतो. ५ नॅनोव्होल्टचे आउटपुटला ४०० होतात, आणि रेझिस्टरचे १२९ त्यांच्याखाली गाडले जातात. ४० किलोहर्ट्झच्या पुढे या सर्किटचा नॉइज कोण ठरवतं? इनपुटचा कपॅसिटन्स, आणि स्थिरतेसाठी निवडलेला तो कपॅसिटर. कपॅसिटर वाढवला तर नॉइज आणि थरथर दोन्ही उतरतात, पण बँडविड्थ जाते. बँडविड्थ वाचवायची तर डायोडचा कपॅसिटन्स कमी करावा लागतो: उलटा बायस वाढवून, जेफेटनं बूटस्ट्रॅप करून, किंवा मीटरभर केबल काढून टाकून. यातला एकही उपाय डेटाशीटच्या पहिल्या पानावर नाही. ते सगळे सर्किटच्या मांडणीत आहेत. नॉइजचं गणित १९२८ मध्ये मांडणाऱ्या नायक्विस्ट यांनीच १९३२ मध्ये फीडबॅकच्या स्थिरतेचा निकष दिला. हॅराल्ड ब्लॅक यांना निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना १९२७ मध्ये सुचली होती, तीही बेल लॅबोरेटरीजमध्येच. टेलिफोनच्या लांब तारांवर एकामागून एक ॲम्प्लिफायर लावताना त्या लोकांना दोन्ही प्रश्नांशी एकदमच झगडावं लागलं. आपण मात्र एक विषय कम्युनिकेशनच्या पेपरात आणि दुसरा कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात शिकवतो, आणि विद्यार्थ्याला ते एकाच बोर्डवर भेटतात तेव्हा तो गोंधळतो यात नवल नाही.

‘ऑसिलेशन झालं तर स्कोपवर दिसेलच’, असाही एक विश्वास असतो. पुष्कळदा दिसत नाही. समांतर जोडलेले जेफेट आणि त्यांच्या गेटच्या लांब तारा मिळून शंभर मेगहर्ट्झच्या वर ऑसिलेट होऊ शकतात. २० मेगहर्ट्झच्या स्कोपला त्याचा पत्ता लागत नाही. आउटपुटला दिसतं ते एवढंच की डीसी पातळी विनाकारण सरकली आहे, हात जवळ नेला की ती बदलते, आणि नॉइज हिशेबापेक्षा कितीतरी जास्त आहे. ऑसिलेशन पूर्ण नसलं, नुसती फेज मार्जिन तोकडी असली, तरी स्पेक्ट्रममध्ये एका जागी उंचवटा येतो आणि एकूण नॉइजचा मोठा हिस्सा त्या उंचवट्यातच साठतो. मग माणूस म्हणतो, नॉइज फार आहे, आणखी शांत ऑपॲम्प आणू. शांत ऑपॲम्पचा ट्रान्सकंडक्टन्स जास्त, कपॅसिटन्स जास्त, बँडविड्थही बहुधा जास्त. सर्किट पहिल्यापेक्षा अधिक अस्थिर होतं आणि नॉइज वाढतो. शेवटी दोष सेन्सरवर जातो, आणि सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर. गेटजवळ बसवलेला काही दहा ओहमचा एक रेझिस्टर आणि आखूड तारा हे सगळं टाळू शकल्या असत्या.

स्थिरतेचा दुसरा अर्थ गेनची स्थिरता, आणि सरासरीवर विसंबणाऱ्यांना उत्तर तिथेच मिळतं. १०० मेगहर्ट्झ बँडविड्थच्या रिसीव्हरनं एक सेकंद सरासरी घेतली तर नॉइज तत्त्वतः दहा हजारांत एका भागापर्यंत खाली येतो. पण त्या सेकंदात प्रीॲम्पचा गेन दहा हजारांत एका भागानं जरी हलला तरी तेवढाच खोटा सिग्नल उमटतो. पुढे सरासरी वाढवून काही मिळत नाही. गेनचं वाहणं वेळेबरोबर वाढतच जातं. १९४६ मध्ये रॉबर्ट डिकी यांनी यावर उपाय काढला: रिसीव्हरचं तोंड आकाश आणि ज्ञात स्रोत यांच्यात झपाट्यानं आलटून पालटून जोडायचं, म्हणजे दोन्हींत सारखंच असलेलं गेनचं वाहणं वजा होतं. उपाय सुंदर आहे, प्रयोगशाळांतले लॉक-इन ॲम्प्लिफायर याच वळणाचे. पण तो फुकट नाही. अर्धा वेळ आकाशाकडे पाठ राहते आणि वजाबाकीत नॉइज वाढतो, त्यामुळे संवेदनशीलता निम्म्यावर येते. अस्थिर प्रीॲम्पची ही किंमत आहे, आणि ती सॉफ्टवेअरला माफ करता येत नाही. तापमानाबरोबर हलणारा बायस, पुरवठ्याच्या रेग्युलेटरचा संथ नॉइज, गळका कपॅसिटर, खराब सोल्डर: पहिल्या टप्प्यातल्या अशा बारीकसारीक गोष्टी सरासरीचा पाय बांधून ठेवतात.

एक आक्षेप मात्र मला पटतो. प्रीॲम्पवर हवी तेवढी मेहनत घेत बसणं हाही दोषच आहे. डिटेक्टरची गळती १ नॅनोअँपियर असताना फीडबॅक रेझिस्टर १०० मेगओहमवरून १० गिगओहमवर नेण्यासाठी धडपडणारे लोक आहेत. साधा पडताळा असा: फीडबॅक रेझिस्टरवर गळतीच्या प्रवाहानं ५० मिलिव्होल्टपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज पडत असेल तर शॉट नॉइज आधीच जिंकलेला आहे, रेझिस्टर आणखी मोठा करून फारसं काही मिळणार नाही. १०० मेगओहम आणि १ नॅनोअँपियरला ते १०० मिलिव्होल्ट भरतं. तिथे वेळ गळती कमी करण्यात, डिटेक्टर थंड करण्यात, बोर्डवर गार्ड रिंग टाकण्यात आणि फ्लक्स धुऊन काढण्यात घालवावा. स्रोतच गोंगाटी असेल तर स्वस्त भाग लावून मोकळं व्हावं. वरचा टीएल०७२ याचाच दाखला आहे. हिशेब करा म्हणजे महाग करा असं मी म्हणत नाही. कुठे थांबायचं हेही हिशेबच सांगतो, आणि ‘सॉफ्टवेअर पाहून घेईल’ म्हणणाऱ्यानं तो कधी केलेलाच नसतो.

तयार मॉड्यूल मिळतात, मग प्रत्येकानं हे का शिकावं, असंही विचारतात. मॉड्यूल बनवणाऱ्याला तुमचा सेन्सर, तुमच्या केबलची लांबी आणि तुमची बँडविड्थ माहीत नसते. इनपुटला काहीच न जोडता मोजलेला नॉइज तो कागदावर छापतो, आणि तुम्ही १०० पिकोफॅरड जोडल्याबरोबर तो आकडा लागू राहत नाही. म्हणून प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत अल्गोरिदमच्या अचूकतेचे टक्के विचारण्याआधी परीक्षकांनी प्रीॲम्पचा नॉइज स्पेक्ट्रम मागावा, तोही खरा सेन्सर किंवा तेवढ्याच कपॅसिटन्सचा कपॅसिटर इनपुटला लावून घेतलेला. त्यासाठी महागडी उपकरणं लागत नाहीत. सेन्सरच्या जागी आळीपाळीनं १ किलोओहम, १०० किलोओहम आणि १ मेगओहमचे मेटल फिल्म रेझिस्टर लावा, सगळं पत्र्याच्या डब्यात बंद करा, आउटपुटचा स्पेक्ट्रम घ्या आणि गेननं भागा. ४, ४१ आणि १२९ नॅनोव्होल्टच्या जवळचे आकडे आले तर प्रीॲम्पचा वाटा स्रोतापेक्षा लहान आहे. १ किलोओहमला आकडा बराच वर राहिला तर तो फरक ॲम्प्लिफायरच्या व्होल्टेज नॉइजचा. १ मेगओहमला वर गेला तर करंट नॉइजचा. कुठे उंचवटा दिसला तर फीडबॅककडे परत जायचं. आणि १ मेगओहमचा आलेख वरच्या फ्रिक्वेन्सीला खाली वळताना दिसेल, १०० पिकोफॅरडला १.६ किलोहर्ट्झपाशी, २० पिकोफॅरडला ८ किलोहर्ट्झपाशी. तो जिथे वळतो तिथून डबा, तारा आणि ट्रान्झिस्टर धरून इनपुटवर खरोखर किती कपॅसिटन्स बसला आहे ते मोजता येतं, आणि स्थिरतेचं वरचं सगळं गणित त्याच आकड्यानं सुरू होतं.